फायबर लेसरचा नॉइज आणि त्यामागची समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गणिती भौतिकी आणि विद्युतचुंबकीय मॉडेलिंग यांच्या सीमेवर काम करतो. व्याख्यान संपलं की दाराशी गाठून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे, आणि एक-दोन मीच स्वतःला विचारलेले. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांचं वजनही सारखं नाही.

लेसरचा प्रकाश तर एकाच रंगाचा आणि शिस्तीतला. मग त्यात नॉइज येतो कुठून?

शिस्त असते, पण शंभर टक्के नाही. उद्दीपित उत्सर्जनातून, म्हणजे आधीच्या प्रकाशाच्या चिथावणीने, निघालेला फोटॉन आधीच्या प्रकाशाच्या तालात पाऊल टाकतो. पण वरच्या पातळीवर बसलेले आयन अधूनमधून कुणाचं न ऐकता, उत्स्फूर्तपणेही फोटॉन सोडतात. असा फोटॉन नेमका लेसरच्याच मोडमध्ये, म्हणजे क्षेत्राच्या त्याच ठरलेल्या आकृतीत, पडला, तर तो वाट्टेल त्या फेजने (लहरीच्या वाट्टेल त्या टप्प्यावर) येतो आणि सगळ्यांच्या फेजला जरासा धक्का देऊन जातो.

हा धक्का किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. 1550 नॅनोमीटरचा एक एर्बियम लेसर घ्या. पोकळीत, म्हणजे प्रकाश फेऱ्या मारतो त्या जागेत, फोटॉन सरासरी 5 नॅनोसेकंद टिकतो, आउटपुट 10 मिलिवॅट आहे आणि पोकळीतून जे सुटतं ते सगळं आउटपुटलाच मिळतं, असं धरू. मग कुठल्याही क्षणी पोकळीत साधारण 39 कोटी फोटॉन असतात. एका उत्स्फूर्त फोटॉनचा धक्का या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त, म्हणजे एका रेडियनच्या वीस हजाराव्या हिश्शाएवढा. इतकासा धक्का कोण मोजतो, असं वाटेल. पण असे धक्के सेकंदाला 20 कोटी बसतात, प्रत्येक वेगळ्या दिशेने. त्यांची बेरीज यादृच्छिक चालीसारखी वाढते आणि एका सेकंदात फेज साधारण अर्धा रेडियन भरकटते. याचंच दुसरं नाव लाइनविड्थ, लेसरच्या वारंवारतेची रुंदी. शॉलो आणि टाउन्स यांनी 1958 मध्ये दिलेलं सूत्र, थ्रेशोल्डच्या (लेसर सुरू होण्याच्या मर्यादेच्या) वर लागणारी दोनाने भागण्याची दुरुस्ती करून वापरलं, तर इथे सुमारे 0.04 हर्ट्झ येतात.

पण बाजारातल्या चांगल्या फायबर लेसरची लाइनविड्थ किलोहर्ट्झमध्ये असते. हजारो पटींचा फरक कसा?

खरी गोम इथेच आहे. माझं निम्मं काम याच फरकाचा हिशेब लावण्याचं आहे.

क्वांटमचा धक्का ही तळाची मर्यादा. तिच्यावर लेसरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप डायोडचा नॉइज, ध्वनी, कंपनं आणि मुख्य म्हणजे उष्णता यांचे थर चढतात. सिलिकाचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो. 1550 नॅनोमीटरला फायबर ग्रेटिंगची, म्हणजे धाग्यातच कोरलेल्या आरशाची, तरंगलांबी दर अंशाला साधारण 10 पिकोमीटर सरकते. वारंवारतेत बोलायचं तर ते सव्वा गिगाहर्ट्झ. म्हणजे तापमान एक मायक्रोकेल्विन हललं, तरी वारंवारता सव्वा किलोहर्ट्झ हलते. खोलीतला पंखा आणि शेजारून जाणारा माणूस बाजूला ठेवा. पूर्ण बंद पेटीत, उत्तम नियंत्रणाखाली ठेवलेल्या काचेच्या धाग्यातही तापमान स्वतःहून सूक्ष्मपणे थरथरत असतं. ही उष्मागतिकीची देणगी आहे, ती नाकारता येत नाही. धागा जितका आखूड आणि मोड जितका बारीक, तितकी ही थरथर जास्त जाणवते, कारण सरासरी काढायला काचच कमी उरते.

फायबर लेसर म्हणजे नक्की काय?

काचेच्या धाग्याच्या गाभ्यात एर्बियम, यटर्बियम किंवा थुलियमसारख्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचे आयन मिसळलेले असतात. डायोडने पंप करायचं आणि दोन टोकांना ग्रेटिंगचे आरसे लावायचे, नाहीतर धाग्याची दोन टोकं जोडून कडं करायचं. काचेच्या धाग्यातला पहिला लेसर इलायस स्निट्झर यांनी 1961 मध्ये निओडिमियम वापरून दाखवला. एर्बियमचं अँप्लिफायर 1987 मध्ये आलं आणि दूरसंचाराचं चित्र पालटलं.

मॅक्सवेलची समीकरणं 1865 पासून हाताशी आहेत. संगणकात घाला आणि सोडवा, यात संशोधन कसलं?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण याचं उत्तर पाठ्यपुस्तकात शोधण्यापेक्षा कागदावर पाच मिनिटं आकडेमोड केली की मिळतं.

केन यी यांची 1966 ची पद्धत घ्या: अवकाशाची जाळी करायची, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं अर्ध्या घराच्या अंतराने मांडायची आणि काळात एकेक पाऊल पुढे जायचं. काचेतली तरंगलांबी साधारण 1.07 मायक्रोमीटर, म्हणून जाळीचं घर 50 नॅनोमीटरचं धरू. फायबरचा आडवा छेद 30 बाय 30 मायक्रोमीटर घेतला, तर एका छेदात 3 लाख 60 हजार घरं होतात. एक मीटर लांबीत असे 2 कोटी छेद. एकूण 7.2 लाख कोटी घरं. प्रत्येक घरात क्षेत्राचे सहा घटक, प्रत्येकाला 8 बाइट. नुसती ही क्षेत्रं साठवायला सुमारे 350 टेराबाइट मेमरी लागते.

हे झालं अवकाशाचं, आता काळ पाहू. स्थिरतेची अट पाळायची तर काळाचं पाऊल एका फेम्टोसेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही किंचित लहान हवं. प्रकाशाने हा एक मीटर एकदा पार करायलाच अशी 5 कोटी पावलं लागतात. आणि एर्बियमचा आयन वरच्या पातळीवर सुमारे 10 मिलिसेकंद बसून राहतो! प्रकाशाचं एक आंदोलन 5.2 फेम्टोसेकंदांचं, आयनाचा मुक्काम 10 मिलिसेकंदांचा. दोहोंत जवळपास 2 लाख कोटी पटींची दरी. यंत्र कितीही मोठं आणलं तरी ही दरी भरून निघत नाही. ती समीकरणांतच ओलांडावी लागते, आणि इथून गणित सुरू होतं.

मग प्रत्यक्षात तुम्ही काय सोडवता?

आडव्या छेदाचा प्रश्न वेगळा काढतो आणि लांबीचा वेगळा. छेदात मॅक्सवेलची समीकरणं पूर्ण सदिश रूपात सोडवून मोड मिळवायचे. त्या मोडचा मंद बदलणारा आयाम फायबरच्या लांबीवर चालवायचा आणि त्याच्यासोबत आयनांच्या पातळ्यांची दर-समीकरणं, म्हणजे कुठल्या पातळीवर किती आयन हे कसं बदलतं ते सांगणारी समीकरणं, लावायची. हा वेगळेपणा का चालतो, कुठपर्यंत चालतो आणि चूक किती होते हे सिद्ध करणं म्हणजे बहुश्रेणी विश्लेषण. कागदावरचा हा भाग रुक्ष वाटतो, पण याच्याशिवाय सिम्युलेशनमधला आकडा कशाचा आहे हेच सांगता येत नाही.

माझ्या मोड सॉल्व्हरमध्ये असे मोड दिसतात, जे असायलाच नकोत. काय चुकतंय?

तुम्हाला भुतं दिसताहेत, आणि तुम्ही पहिले नाही. फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजे छेदाचे छोटे तुकडे पाडून सोडवताना, विद्युत क्षेत्राचे तिन्ही घटक कोपऱ्यांवर मांडले, तर डायव्हर्जन्सची अट नीट पाळली जात नाही आणि खोटे मोड खऱ्यांच्या रांगेत येऊन बसतात. उपाय जुना आहे: नेडेलेक यांचे 1980 चे एलिमेंट, ज्यांत अज्ञात राशी कोपऱ्यांऐवजी कडांवर ठेवतात.

त्याआधी एक साधी तपासणी करा. मार्गदर्शित मोडचा प्रभावी अपवर्तनांक क्लॅडिंग (गाभ्याभोवतीचं काचेचं आवरण) आणि गाभा यांच्या मधेच पडला पाहिजे. गाभ्यापेक्षा जास्त आला, तर पुढचं चित्र कितीही देखणं असो, ते खोटं नाणं आहे. दुसरी तपासणी: साधा गोल फायबर घेऊन व्ही-संख्या (गाभ्याचा आकार, तरंगलांबी आणि अपवर्तनांकांतला फरक यांतून निघणारा आकडा) 2.405 च्या खाली न्या. हा आकडा शून्य क्रमाच्या बेसेल फलाचं पहिलं शून्य आहे. त्याखाली एकच मोड उरला पाहिजे, ध्रुवीकरणाच्या दोन जुळ्या रूपांसह. तीन दिसले तर जाळी तपासायला घ्या.

सिम्युलेशनमध्ये नॉइज घालतात कसा? दर पावलाला रँडम नंबर मिसळला की झालं?

जवळजवळ. त्या 'जवळजवळ'पायी माझे तीन आठवडे गेले आहेत.

उत्स्फूर्त उत्सर्जनासाठी समीकरणात लॅन्जवाँ संज्ञा, म्हणजे यादृच्छिक धक्क्यांची संज्ञा, घालतात. संकल्पना 1908 ची, द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीसाठी आलेली. मी सुरुवातीला दर पावलाला रँडम संख्या घेऊन तिला काळाच्या पावलाने गुणत होतो, जसं समीकरणातल्या बाकीच्या संज्ञांना गुणतात. आलेख सुरेख येत होते. मग काहीतरी वेगळंच तपासायला पाऊल निम्मं केलं, तर तीव्रतेचा नॉइज 3 डेसिबलने खाली आला. पुन्हा निम्मं केलं, आणखी 3 डेसिबल. लेसरला माझ्या पावलाची खबर कशी लागली?

लागली नव्हती. चूक गुणकात होती. श्वेत नॉइजमधली (सर्व वारंवारतांना सारख्या नॉइजमधली) वाढ पावलाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, पावलाच्या नव्हे, कारण स्वतंत्र धक्क्यांच्या बेरजेत वर्गांची बेरीज होते. ती एक ओळ दुरुस्त केल्यावर पाऊल कितीही बदललं तरी वर्णपट जागचा हलेना. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: नॉइजचा कुठलाही आलेख दुसऱ्याला दाखवायच्या आधी पाऊल निम्मं करून पाहायचं. विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

इटो की स्ट्रॅटोनोविच?

नॉइज असलेली समीकरणं सोडवण्याची ही दोन वेगळी गणितं. नॉइजची तीव्रता स्वतः प्रकाशावर अवलंबून नसेल तर फरक पडत नाही. अवलंबून असेल तर पडतो, आणि मग कोणतं गणित वापरलं ते लिहूनच ठेवा. भौतिक स्रोताचा स्मृतिकाल लहान असला तरी शून्य नसेल, तर त्याची मर्यादा घेताना स्ट्रॅटोनोविच निघतं. कोडमध्ये साधी ऑयलर पायरी वापरली, तर न सांगता इटो होतं. दोन्हींची सरमिसळ झाली की सरासरी पॉवरच चुकते.

तीव्रतेच्या नॉइजच्या आलेखात मधेच जो उंचवटा दिसतो, तो काय?

ते रिलॅक्सेशन ऑसिलेशन. आयनांत साठलेली ऊर्जा आणि पोकळीतले फोटॉन यांच्यात झोका चालतो. फोटॉन वाढले की ऊर्जा खर्च होते, ऊर्जा घटली की फोटॉन घटतात, मग ऊर्जा पुन्हा साठते. साध्या सूत्रात झोक्याची कोनीय वारंवारता काढायला थ्रेशोल्डच्या किती पट पंप केलंय त्यातून एक वजा करायचा, आयनाचा आयुष्यकाल आणि फोटॉनचा आयुष्यकाल यांच्या गुणाकाराने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. 10 मीटरचं एर्बियमचं कडं, दर फेरीला निम्मा प्रकाश बाहेर, थ्रेशोल्डच्या तिप्पट पंप: उत्तर 8 ते 9 किलोहर्ट्झ. आखूड लेसरमध्ये हा उंचवटा शेकडो किलोहर्ट्झपर्यंत सरकतो. सेमिकंडक्टर लेसरमध्ये आयुष्यकाल नॅनोसेकंदांचा असल्यामुळे तो थेट गिगाहर्ट्झमध्ये जातो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: पंपाचा नॉइज उंचवट्याच्या खाली आउटपुटमध्ये जसाच्या तसा उतरतो, वर मात्र लेसर त्याला गाळून टाकतो. म्हणून कमी वारंवारतेचा त्रास असेल तर लेसरशी झटापट करू नका, आधी पंपाचा करंट सोर्स बदला. आणि खूप वर गेल्यावर तळाशी शॉट नॉइजची, म्हणजे फोटॉन सुटे सुटे येण्यामुळे होणाऱ्या नॉइजची, फरशी लागते. 1550 नॅनोमीटरला 1 मिलिवॅट मोजत असाल तर ती दर हर्ट्झला उणे 156 डेसिबलवर असते. कुणी याच परिस्थितीत साध्या लेसरचा त्याहून खालचा आकडा दाखवला, तर डिटेक्टरचं कॅलिब्रेशन मागा.

डेटाशीटवर 'लाइनविड्थ 1 किलोहर्ट्झ' लिहिलंय. विश्वास ठेवू का?

आधी विचारा: किती वेळाच्या निरीक्षणात? लाइनविड्थ हा एक आकडा तेव्हाच पुरेसा असतो, जेव्हा वारंवारतेचा नॉइज श्वेत असतो. तसा असेल तर रेषा लॉरेन्ट्झियन येते आणि तिची रुंदी म्हणजे नॉइजची एकतर्फी पातळी गुणिले पाय. पातळी दर हर्ट्झला 100 वर्ग हर्ट्झ असेल, तर रुंदी 314 हर्ट्झ. पण फायबर लेसरचा नॉइज कमी वारंवारतेला चढत जातो, आणि मग जितका वेळ पाहाल तितकी रेषा रुंद दिसते.

शिवाय मोजण्यातही मेख आहे. प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, एक वाट लांब फायबरची आणि दुसरीत वारंवारता थोडी सरकवायची, मग दोन्हींचा मेळ घालून बीट पाहायचा, ही प्रचलित पद्धत. ती खरी चालायला विलंब सुसंगतीच्या काळापेक्षा, म्हणजे फेज टिकून राहते त्या काळापेक्षा, जास्त हवा. 1 किलोहर्ट्झसाठी हा काळ सुमारे 320 मायक्रोसेकंद, म्हणजे 65 किलोमीटर फायबर! त्यातच 13 डेसिबल प्रकाश जातो, आणि एवढं मोठं रीळ स्वतः उत्तम मायक्रोफोन असतं.

मी डेटाशीटवरच्या आकड्याऐवजी वारंवारता-नॉइजचा पूर्ण वर्णपट मागतो. त्यावर 0.56 गुणिले वारंवारता ही तिरपी रेषा काढायची. 2010 मध्ये सुचवलेली ही बीटा रेषा. वर्णपटाचा जो भाग रेषेच्या वर असतो तोच रुंदी वाढवतो, खालचा भाग फक्त रेषेच्या पंखांत भर घालतो. त्या वरच्या भागाचं क्षेत्रफळ मोजलं की रुंदीचा चांगला अंदाज येतो.

पॉवर वाढवली की नॉइज कमी होतो ना?

सूत्रानुसार हो, काही अंतरापर्यंत. पुढे काच आपलं डोकं वर काढते. अरुंद रेषेचा प्रकाश तीव्र झाला की तो काचेत ध्वनिलहरी उठवतो आणि त्यांवरूनच परत फिरतो. हे ब्रिल्वाँ विकिरण, 1550 नॅनोमीटरला सुमारे 11 गिगाहर्ट्झने सरकलेलं. साध्या सिंगल मोड फायबरच्या 10 मीटर लांबीत काही वॅटवरच ते सुरू होऊ शकतं. मागे फिरणारा प्रकाश नॉइजमधूनच जन्मलेला असल्यामुळे पुढचा प्रकाशही चांगलाच खवळतो.

गाभा मोठा करून हे टाळावं, तर दुसरं संकट. जास्तीचे मोड शिरतात, त्यांच्या व्यतिकरणाने फायबरमध्ये तापमानाची पट्टेदार नक्षी उमटते, तीच ग्रेटिंगसारखी वागून ऊर्जा एका मोडमधून दुसऱ्यात ढकलते. ठरावीक सरासरी पॉवर ओलांडली की एरवी स्थिर असलेला किरण किलोहर्ट्झच्या गतीने नाचू लागतो. 2010 च्या सुमारास उच्च पॉवरच्या यटर्बियम फायबरमध्ये हे ठळकपणे समोर आलं. मॉडेलिंगच्या दृष्टीने मात्र मेजवानी आहे: मॅक्सवेल, उष्णतेचं समीकरण आणि आयनांची दर-समीकरणं एकमेकांत गुंतलेली, आणि यातलं एकही वगळता येत नाही.

यात 'गणिती भौतिकी' कुठे आहे? हे तर अभियांत्रिकी वाटतं.

एक उदाहरण देतो. फायबर कापून टोक तसंच सोडलं, तर काच आणि हवा यांच्या सीमेवरून जेमतेम 3.4 टक्के प्रकाश परततो. तेवढ्यावरही फायबर लेसर चालतो, कारण एका फेरीतली वाढ प्रचंड असते. अशा पोकळीचं गणिती रूप स्वयंसंलग्न नसतं. तिचे मोड एकमेकांना लंब नसतात. आणि मोड लंब नसले की उत्स्फूर्त उत्सर्जनाचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा होतो. पीटरमन यांनी 1979 मध्ये दाखवलेला हा जादा गुणक. एका बाजूला पूर्ण आरसा आणि दुसऱ्या बाजूला कापलेलं टोक असेल, तर तो सुमारे 2.4 येतो. म्हणजे 'लंब नसलेले सदिश' ही वर्गातली अमूर्त गोष्ट थेट लाइनविड्थ दुपटीहून जास्त वाढवते. दोन मोड एकरूप होतात त्या बिंदूपाशी रेषीय सिद्धांत हा गुणक अनंत सांगतो. खरा लेसर अर्थातच अनंत होत नाही, तिथे संपृक्तता आड येते, आणि नेमकं काय होतं हा आजही काम करण्याजोगा प्रश्न आहे.

स्पंदांच्या लेसरमध्ये हाच नॉइज कसा दिसतो?

वेळेच्या थरथरीच्या रूपात. फायबरमधला स्पंद अरेषीय श्रोडिंगर समीकरण पाळतो. 1972 मध्ये झाखारोव्ह आणि शाबात यांनी ते अचूक सोडवण्याची वाट दाखवली, 1973 मध्ये हासेगावा आणि टॅपर्ट यांनी फायबरमध्ये सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता पुढे जाणारे स्पंद, असू शकतात असं भाकीत केलं, 1980 मध्ये ते प्रयोगात दिसले. सॉलिटॉनला चारच कळा: ऊर्जा, वारंवारता, स्थान, फेज. नॉइज कितीही गुंतागुंतीचा असो, पहिल्या हिशेबात तो या चार कळाच हलवतो. लाखो अज्ञातांचा प्रश्न चारांवर येतो! अँप्लिफायरचा उत्स्फूर्त प्रकाश वारंवारता ढळवतो, अपस्करणामुळे, म्हणजे प्रत्येक वारंवारतेच्या वेगळ्या वेगामुळे, तो ढळ वेळेच्या चुकीत बदलतो आणि लांब मार्गावर या चुकीचं प्रचरण (चुकीच्या वर्गाची सरासरी) अंतराच्या घनाने वाढतं. गॉर्डन आणि हाउस यांचा 1986 चा हा निष्कर्ष हाताने काढून पाहण्याजोगा आहे, दोन पानांत होतो.

सुरुवात कुठून करू?

कडं असलेल्या एकाच मोडच्या लेसरपासून. तीन समीकरणं पुरतात: तीव्रता, फेज, आयनांची संख्या. तिन्हींत लॅन्जवाँ संज्ञा घाला, दहा-वीस लाख पावलं चालवा, तुकडे पाडून वर्णपटाची सरासरी घ्या. उंचवटा सूत्राच्या जागी आला आणि फेजचं प्रचरण सरळ रेषेत वाढलं, तर तुमचा कोड बरोबर आहे. त्यानंतरच मॅक्सवेलकडे वळा. मीपसारखं मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते उघडायच्या आधी वरची 350 टेराबाइटची आकडेमोड एकदा स्वतःच्या रचनेसाठी करा.

माझं मॉडेल आणि प्रयोग जुळत नाहीत. कुणाचं चूक?

बहुतेक वेळा दोघांचंही नसतं, मधल्या एककाचं असतं. वर्णपट एकतर्फी की दुतर्फी, रुंदी पूर्ण की अर्धी, डेसिबल विद्युत पॉवरचे की प्रकाशीय: या तीन जागी दोनाचा गुणक हरवतो. एका सहकाऱ्याशी मी 6 डेसिबलच्या फरकावरून महिनाभर वाद घातला. त्यातले 3 त्याच्याकडे निघाले आणि 3 माझ्याकडे.